एकवीस दूर्वांचा पुरावा

समर्थनगर, औरंगाबाद
बुधवार, २८ नोव्हेंबर २०१८

प्रिय नानासाहेब,

सप्रेम नमस्कार. आम्ही उभयता ठीक आहोत. थंडीमुळे अनसूयेचा गुडघा कुरकुरतो. माझा खोकला गेला. तुझी प्रकृती उत्तम असावी असे गृहीत धरतो, कारण काल फोनवर तुझा आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होता.

हे पत्र काय सिद्ध करण्यासाठी लिहिले आहे ते आरंभीच सांगतो. प्रतिज्ञा अशी : तुझी नात राजनंदिनी हिला चिनी तुकडीत परत पाठवावे, आणि ते येत्या शनिवारी दुपारच्या आत व्हावे. शनिवारनंतर तिची जागा दुसऱ्या मुलाला जाईल, असे मुख्याध्यापिकाबाईंनी मला कळवले आहे.

काल तू म्हणालास, "लेखी दिलंस तवा लेखीच फिरव. अन् खाली सही ठोक, चूक झाली म्हनून. सुनंला दाखवायचंय मला." तुझ्या अटीचा पूर्वार्ध मान्य आहे, हे पत्र म्हणजे तोच. उत्तरार्धाची आवश्यकता मात्र मला दिसत नाही. प्रतिज्ञा पुराव्याने सिद्ध झाली की लिहिणाऱ्याची पूर्वी चूक झाली होती की नव्हती, हा प्रश्न अप्रस्तुत ठरतो. तीस वर्षे महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवताना मी हेच सांगत आलो.

पत्र तुझ्या सूनबाई सौ. आशाबाईही वाचणार असल्याने वस्तुस्थिती क्रमाने मांडतो. तुला ती ठाऊक आहे, तरी वाच. वगळून वाचण्याची तुझी सवय मला शाळेपासून माहीत आहे.

चिकलठाण्याकडच्या या शाळेने जूनमध्ये चिनी तुकडी सुरू केली. त्या भागात तैवानहून आलेल्या अभियंत्यांची कुटुंबे राहतात. त्यांच्यापैकीच एक, लिनबाई, या तुकडीच्या शिक्षिका. सकाळच्या प्रार्थनेपासून मधल्या सुट्टीपर्यंत वर्गात चिनीखेरीज एक शब्द नाही. गणित चिनीतून, विज्ञान चिनीतून, पाणी प्यायला जायची परवानगीदेखील चिनीतून. दुपारी मराठी आणि इंग्रजी. मुले भाषा 'शिकत' नाहीत, तिच्यात राहतात, असे शाळेच्या माहितीपत्रकात म्हटले होते. वाक्य मला तेव्हा जाहिरातीचे वाटले होते.

आशाबाईंचा आग्रह होता म्हणून तू राजनंदिनीचे नाव घातलेस. फर्दापूरहून रोजचे येणे अशक्य, त्यात सिल्लोडचा रस्ता खोदून ठेवलेला. तेव्हा सोमवार ते शनिवार ती आमच्याकडे राहील असे ठरले. तू लहानपणी आमच्या घरी राहून शिकलास, आता तुझी नात राहील. यात कोणी कोणावर उपकार केले नाहीत. तू मात्र मला एक काम सोपवलेस. म्हणालास, "मला त्यातलं काय कळत नाय. तू लई शिकल्याला मानूस. दिवाळीपातुर बघ, आन् काय ते लिहून कळीव."

मी पाहिले आणि दिवाळीपूर्वी लिहून कळवले. माझ्या निर्णयाचा सारांश असा होता : मुलगी आता मनातल्या मनात चिनीतून मोजते. सागरगोटे झेलताना, जिना चढताना, अनसूयेला तांदळाच्या वाट्या घालून देताना तिच्या ओठांवर ई, अर्, सान असते. मनातली मोजणी ज्या भाषेत चालते, मन त्या भाषेचे होते. सबब नऊ वर्षांच्या मुलीचे मन घरच्या भाषेतून उठण्यापूर्वी तिला तेथून काढावे.

तू ते पत्र ओसरीवर सर्वांना मोठ्याने वाचून दाखवलेस आणि मुलीला ठेवून घेतलेस. आशाबाई तेव्हापासून तुझ्याशी "जेवण वाढलंय" यापलीकडे बोलत नाहीत, हे बन्सीकडून कळले. बन्सी तुझे विश्रामगृह सांभाळतो आणि बातम्यांच्या बाबतीत माझाही पगारी माणूस असल्यासारखा वागतो. त्याला रागावू नकोस.

आता पुरावे.

पहिला पुरावा तुझ्याच विश्रामगृहात घडलेला आहे. तू तो मला सांगितला नाहीस, हेही मी नोंदवून ठेवतो. गेल्या आठवड्यात तैवानच्या भिक्षुणींची बस अजिंठा पाहून तुझ्याकडे मुक्कामाला आली. पुढचे बन्सीच्या शब्दांत :

"आचाऱ्यानं झणझणीत शेवभाजी वाढली, पंत. त्या बाया खाईनात, नुसतं हात जोडाय लागल्या. आचाऱ्याला वाटलं, खूश झाल्या. त्यानं आजून वाढली. मोठ्या म्हाताऱ्या बाईनं परत हात जोडलं. ह्यानं परत वाढली! छोट्या ताई खांबाआड उभ्या व्हत्या. मालकांनी चिनी बोलायचं नाय म्हनून दटावल्यालं ना? तवा नुसत्या मालकांकडं बघत व्हत्या. शेवटी मालकच वराडले, 'बघतीस काय माझ्या तोंडाकडं? इचार की त्यांला!'"

आणि तिने विचारले. बन्सी म्हणतो, ती म्हातारी भिक्षुणी प्रथम दचकली, मग खुर्चीवरून उठून उभी राहिली आणि फर्दापूरच्या या नऊ वर्षांच्या मुलीचे दोन्ही हात तिने धरून ठेवले. त्यांना कांदा आणि लसूण वर्ज्य होता. एवढीच गोष्ट होती. पण नानासाहेब, राजनंदिनीने ती आचाऱ्याला कशी सांगितली ते तू ऐकलेस ना? बन्सीने मला दोनदा सांगितले, कारण मी त्याला दोनदा सांगायला लावले.

ती म्हणाली, "काका, यांचा बारा महिने चातुर्मास असतो."

हे वाक्य तिला कोणत्या शाळेने शिकवले? जून ते नोव्हेंबर ती आमच्या घरी राहिली. आषाढीपासून अनसूयेने कांदा-लसूण बंद केले तेव्हा तिनेच कपाळाला आठ्या घालून विचारले होते, "आजी, देवाला वास येतो का?" अनसूया म्हणाली होती, "देवाला नाही गं, मला येतो. देवाचं नुसतं नाव." ते तिने लक्षात ठेवले. समुद्रापलीकडच्या बाईचे व्रत तिने क्षणात ओळखले, कारण तसलेच व्रत तिने समर्थनगरात पाहिले होते. चिनी शब्द आला तो मराठी घरावर येऊन टेकला. माझ्या दिवाळीपूर्वीच्या मताप्रमाणे एक भाषा आली की दुसरीला उठावे लागते. प्रत्यक्षात दुसरीने पहिलीला बसायला पाट दिला.

शेवटी आचाऱ्याने साधे वरण, भात आणि दुधी केला. "मालकांनी सोत्ता वाढलं," असे बन्सी म्हणाला. वाढताना तू गालातल्या गालात हसत होतास, असेही म्हणाला. नाकारू नकोस.

हा एक दृष्टांत झाला. पण एका दृष्टांतावर नियम पडत नाही असे तू म्हणशील. निदान मी तरी म्हणेन. म्हणून दुसरा पुरावा. तो सांगताना मला किंचित संकोच होतो, कारण त्यातला साक्षीदार मीच आहे आणि आरोपीही.

परवा सोमवारी संकष्टी होती. जूनपासून दूर्वा निवडण्याचे काम राजनंदिनीकडे होते. ती नाही म्हणून मीच अंगणात जाऊन खुडल्या, देवघरासमोर बसलो आणि जुड्या मोजून तबकात ठेवू लागलो. अनसूया दारात उभी होती. मी मोजून संपवले तशी ती म्हणाली,

"झाले का तुमचे इक्कीस?"

"इक्कीस काय? एकवीस."

"तुम्ही इक्कीसच म्हणालात."

"मी मनात मोजत होतो. तुला काय ऐकू येणार?"

"तुम्ही मनात मोजता ते मला स्वयंपाकघरात ऐकू येतं," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून ऐकते आहे. सासूबाईंनी पहिल्याच चतुर्थीला सांगितलं होतं, 'त्याच्या मोजण्याकडे लक्ष देऊ नकोस, त्याचे आकडे मौलवीसाहेबांचे आहेत.'"

मी तिला विचारले, "मग आजवर एकदाही बोलली का नाहीस?"

"बाप्पाची काही तक्रार नव्हती. मी कशाला करू?"

मला ते पटले नाही. एका माणसाची साक्ष, तीही पत्नीची. उलटतपासणीशिवाय ग्राह्य धरता येत नाही. मी सगळ्या जुड्या पुन्हा ताम्हणात ओतल्या आणि मोठ्याने, सावधपणे, शुद्ध मराठीत मोजायला बसलो. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. येथवर पहारा कडक होता. सात आणि आठ या दोन घरांत काही वेगळे नाहीच, तेथे पहारेकरी जरा बसला. आणि पुढे मी नौ, दस, ग्यारह, बारह करत थेट इक्कीसवर जाऊन थांबलो. अनसूया दाराची चौकट धरून हसत होती. गुडघ्याचे तिला भान राहिले नव्हते. इतकी हसलेली मी तिला बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती, आणि मग माझ्याही हातातली जुडी खाली पडली, कारण मलाही धरवेना. संकष्टीचा उपास, चंद्रोदयाला अवकाश, आणि दोन म्हातारी माणसे गणपतीसमोर हसत बसलेली.

नाना, आठव. आपण दोघे एकाच तरटावर बसत होतो. घरात मराठी, आणि शाळेच्या दारात पाऊल टाकले की सगळे उर्दू. मौलवीसाहेब फळ्यावर हात आपटून पहाडे म्हणवून घेत. आपली मुले बिघडतील म्हणून कोणी आपल्याला काढले नाही. काढून नेणार कोठे? निजामाच्या राज्यात शाळा होती ती तीच. मग पोलीस ॲक्शन झाली, शाळा काही काळ बंद राहिली, आणि उघडली तेव्हा नवे मास्तर 'बे एके बे' म्हणत उभे होते. तू 'दो एकम दो' म्हणालास आणि कान पिळून घेतलास. मी शहाणा. तोंडाने 'बे' म्हणालो आणि मनात 'दो' चालू ठेवले. परवा कळले की ते सत्तर वर्षे चालूच राहिले.

आता माझा नियम मलाच लावून पाहा. मनातली मोजणी ज्या भाषेत, मन त्या भाषेचे. माझी मोजणी उर्दूची. सबब माझे मन मराठी नाही. मग मी आईला हाक कोणत्या भाषेत मारली? वर्गात तीस वर्षे कोणत्या भाषेत वाद घातला? वडील गेले तेव्हा रडलो ते काय उर्दूतून? ज्या नियमाने स्वतः नियम करणाराच घराबाहेर पडतो, तो नियम नव्हे. त्याला आमच्या शास्त्रात हेत्वाभास म्हणतात. दिसतो कारणासारखा, असत नाही.

आणि तू एकट्या माझ्यावर हसू नकोस. मी काल बन्सीला विचारले, मालक धुतलेल्या चादरी मोजून घेतात त्या कशा? तो म्हणाला, "पंद्रा, सोला, सत्रा... तसंच की. लहानपनापास्नं ऐकतुया. का वं?"

तेव्हा पाटील, तुझ्या सात पिढ्यांच्या मराठी घरात चादरी उर्दूत मोजल्या जातात आणि कोणाचे काही बिघडलेले नाही. उलट मौलवीसाहेबांनी दिलेले आकडे अजून एकही चुकलेले नाहीत. राजनंदिनीचे आकडे लिनबाईंचे असतील. पुढे कधीतरी तीही कोणत्या तरी देवघरात दूर्वा मोजेल, आणि दारात उभे असलेले माणूस हसेल. याहून अधिक काही अनर्थ मला दिसत नाही.

प्रतिज्ञा सिद्ध झाली. येथे मी पत्र संपवणार होतो. लिहून झाल्यावर अनसूयेला वाचून दाखवले. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "छान आहे. पण लिनबाई घरी आल्या होत्या ते कुठे आहे?"

मी म्हणालो, "त्याचा मुद्द्याशी संबंध नाही."

"तुमचं ते पहिलं पत्र तुम्ही त्याच संध्याकाळी लिहिलंत," ती म्हणाली आणि भाजी निवडायला गेली.

तेव्हा तेही लिहितो.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी राजनंदिनी गावी गेली नव्हती आणि लिनबाई आमच्याकडे फराळाला आल्या. चकली त्यांना फार आवडली. नंतर त्या आणि राजनंदिनी व्हरांड्यात बसून रंगीत कागदाचा आकाशकंदील चिकटवत होत्या. बोलणे सगळे चिनीतून. मी नेहमीप्रमाणे हात पाठीमागे बांधून शेजारच्या गच्चीवरचा पतंग पाहत येरझाऱ्या घालत होतो. एकाएकी लिनबाई काही बोलल्या आणि दोघी हसू लागल्या. थांबेनातच. राजनंदिनीने पोट धरले. मी विचारले, "काय झाले?" तिने उत्तर द्यायचा प्रयत्न केला, पुन्हा हसली, आणि म्हणाली, "आजोबा, मराठीत सांगितलं तर त्याची मजा जाते."

माझ्याच व्हरांड्यात, माझ्याच आकाशकंदिलाखाली, एक गोष्ट चालली होती आणि मी तिच्या बाहेर होतो. या घरात कोणी कोणताही शब्द उच्चारला तर त्याचा अर्थ शेवटी मला विचारायचा असतो, अशी माझी समजूत होती. मी आत गेलो, टेबलाशी बसलो आणि तुला ते पत्र लिहिले. सागरगोटे, जिना आणि तांदळाच्या वाट्या मी त्यासाठी लिहिता लिहिता गोळा केल्या. निकाल आधी लागला होता. पुरावे मागून बोलावले. हे वाक्य मी कोणा विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत वाचले असते तर त्याला नापास केले असते.

आज सकाळी आशाबाईंच्या मोबाइलवर फोन करून मी राजनंदिनीला विचारले, त्या दिवशी तुम्ही कशाला हसत होता. मला वाटले विसरली असेल. ती म्हणाली,

"तुम्हालाच आजोबा! लाओशी म्हणाल्या," - वर्गात गुरुजनांना लाओशी म्हणतात - "तुम्ही हात मागं बांधून चालता ना, त्यांचे आजोबा तस्सेच चालतात. आन् असंच सगळ्यांना चुका सांगत फिरतात. त्या म्हनल्या, मला वाटलं माझे आजोबाच विमानात बसून आलेत, फक्त इथं येऊन काळे झालेत!"

मी म्हणालो, "यात मराठीत मजा जाण्यासारखे काय आहे?"

"तवा मला मराठीत जमत नव्हतं," ती म्हणाली. "आता जमलं. आन् तुम्ही आत गेलात, मग लाओशी थोड्या रडल्या पन. त्यांना आजोबांची लई आठवन येते. मग आजींनी त्यांना अजून चकल्या दिल्या."

मग आवाज खाली आणून तिने विचारले, "आजोबा, माझ्या जागेवर कुणी बसलं का?"

मी तिला सांगितले, अजून नाही.

नाना, प्रतिज्ञा सिद्ध करणे आणि मुलगी वर्गात जाऊन बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या प्रश्नाने कळले. पहिली माझ्या पुराव्यांनी होते. दुसरी तुझ्या अटीने अडली आहे, आणि ती अट योग्य आहे. सुनेसमोर तू माझा शब्द प्रमाण मानलास. तो शब्द मागे घ्यायचा तर तो माझ्याच हाताने घेतला पाहिजे, आणि तोही पुराव्यांच्या आड उभे न राहता.

लिनबाईंना मी या रविवारी पुन्हा जेवायला बोलावले आहे. शनिवारी सकाळी बन्सीला जीप घेऊन लवकर निघायला सांग. रस्ता खोदलेला आहे, वेळ हाताशी ठेवावा. राजनंदिनीची पेटी आणू नका. तिचे कपडे इथल्या कपाटात आहेत तसेच आहेत, अनसूयेने ते हलवू दिले नाहीत. तू स्वतः आलास तर उत्तमच. मी राजनंदिनीकडून चिनीत दहापर्यंत मोजायला शिकणार आहे. तूही बस शेजारी, तरट अंथरतो. या वेळी कान कोणाचे पिळले जातात ते पाहू.

आता ते. सौ. आशाबाईंनी हा भाग ओसरीवर सर्वांसमोर मोठ्याने वाचावा, अशी विनंती आहे. पहिले पत्र जेथे वाचले गेले, तेथेच हेही वाचले जावे.

मी, खाली सही करणारा, लिहून देतो की राजनंदिनीला चिनी तुकडीतून काढावे असे मी कळवले ती माझी चूक होती. जे मला कळत नव्हते, ते तिचे हरवत आहे असे मी ठरवले.

सही दोनदा केली आहे. वरची सुनबाईंसाठी. खालची मौलवीसाहेबांनी हात धरून गिरवायला लावली होती त्या अक्षरांत आहे. ती घरात तुला एकट्याला वाचता येईल.

दत्तात्रय रामचंद्र वैजापूरकर

دتو